मालकाने शेवटी घ्यावं

आमच्या घरून निघताना ते फाटक ओढून घ्यायचे, कडी लावायचे, पाखाडीच्या पायऱ्या थोड्या चढून जायचे आणि परत यायचे. कडी धरून हलवून बघायचे. मगच घरी जायचे.

तुम्ही दोघं लहानपणी सुट्टीत इथे यायचात तेव्हा त्यांना कडीआजोबा म्हणायचात. एकदा तुम्हीच त्यांना विचारलं होतं, आमची कडी बिघडली आहे का म्हणून.

"कडी उत्तम आहे," ते म्हणाले. "शंका माणसावर आहे."

"कोणत्या माणसावर?"

"ज्याने लावली त्याच्यावर."

तुम्ही खूप हसलात. मीही हसले होते. परवा फोनवर तुम्ही विचारलंत, कडीआजोबा कसे आहेत. ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो, तेव्हा क्रमाने आणि लहान वाक्यांत सांगते.

ते रत्नागिरीच्या कोर्टात वकिली करायचे. त्यांचं घर वाडीत सगळ्यात वर, जिथे कातळाचा सडा संपतो आणि उतार सुरू होतो तिथे. त्यांच्या जमिनीत, सड्याच्या पोटाशी, एक झरा आहे. तो उन्हाळ्यातही आटत नाही. त्याचं पाणी दगडी पाटाने खाली येतं आणि वाटेतल्या प्रत्येक घराच्या हौदात, माडापोफळींत जातं. कोणत्या घराने कधी घ्यायचं याची पाळी ठरलेली असते. पावसाळा संपला की सगळी वाडी मिळून पाट साफ करते आणि पाण्याच्या पाळ्या सुरू होतात. जमीन त्यांची, पाणी सगळ्यांचं. हे असं का, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. पूर्वीपासूनची वहिवाट होती.

पाण्याला सगळ्यांत जवळचं घर त्यांचं, पण त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी. तीही वहिवाट, आणि त्यांनी ती कधी मोडली नाही.

"मालकाने शेवटी घ्यावं," ते म्हणायचे. "आधी घेतलं की सवय लागते. सवय लागली की तो हक्क वाटायला लागतो."

त्यांच्या बायकोला हे सगळं पाठ होतं. त्या मला म्हणायच्या, "माझी तुळस सुकली तरी चालेल, यांचा नियम सुकता कामा नये." आणि बादली घेऊन आमच्या हौदावर यायच्या.

आमच्या शेजारची सुलू नवी लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. ती आतल्या गावची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा मुंबईला नोकरीला. माहेरी पाटबिट काही नव्हतं. तिने दुपारी कोणी नाही असं बघून पाटाची फळी उचलली आणि आपल्या अबोलीला पाणी सोडलं. त्या दिवशी खालच्या घराचा हौद अर्धाच भरला. दुसऱ्या दिवशी वकील तिच्या अंगणात जाऊन उभे राहिले. सुलू रडायच्या बेतात.

"तुझी चूक नाही," ते म्हणाले. "फळीला कुलूप नव्हतं."

संध्याकाळपर्यंत फळीला कुलूप लागलं. आता किल्ली कोणाकडे ठेवायची? तुमचे आजोबा म्हणाले, वाडीतल्या एखाद्या सज्जन माणसाकडे. वकील म्हणाले, "सज्जन माणूस शोधण्यात आयुष्य जाईल. किल्ली ज्याची पाळी पुढची आहे त्याच्याकडे द्या. आधीच्याची वेळ संपली की तो एक क्षण थांबणार नाही." आणि तसंच झालं. इतक्या वर्षांत पाण्यावरून आमच्याकडे भांडण झालं नाही. एकाच्या स्वार्थावर दुसऱ्याचा स्वार्थ पहारा करत होता. राज्यशास्त्राच्या इंग्रजी पुस्तकांत मी कॉलेजात हे मत वाचलं होतं. तिथे ते फार जड वाटलं होतं. इथे ते एका फळीच्या कुलपात मावलं.

रोज संध्याकाळी ते आमच्या ओटीवर यायचे. तुमचे आजोबा सरकारी बांधकाम खात्यात इंजिनीअर होते हे तुम्हाला माहीत आहे. त्यांचा विश्वास असा, की माणूस मुळात चांगला असतो. त्याला रस्ता द्या, शाळा द्या, दवाखाना द्या, म्हणजे तो आणखी चांगला होतो. वकिलांना हे अजिबात पटायचं नाही.

"सरकारने तीन कामं करावीत," ते म्हणायचे. "चोर धरावा, तंटा तोडावा, खाडीवर पूल बांधावा. बाकी वेळ स्वस्थ बसावं."

"पूल कशाला घातलात त्यात?"

"चहा तुमच्या घरचा पितोय."

"आणि लस? ती कोण टोचणार?"

"बरं, ते चौथं."

"शाळा?"

"वहिनी, यांना आणखी एक कप द्या. नाहीतर हे दहावर नेऊन सोडतील."

माणसाबद्दल बोलायचे तेव्हा त्यांचा एक आवडता दाखला होता. आमच्या कुंपणाजवळचं हापूसचं कलम तुम्ही पाहिलं आहे. त्याच्या बुंध्याकडे बोट दाखवून ते म्हणायचे, "हे वरचं सगळं हापूस. पण खाली मूळ रायवळ आहे. त्या मुळातून सारखे फुटवे येतात. ते काढत राहावं लागतं. नाही काढले तर हापूस मरतो आणि रायवळ माजतो. माणूस असाच आहे. चालीरीती, लाज, शेजारी काय म्हणेल ही भीती, हे वरचं कलम. मूळ कोणाचं बदलत नाही."

"तुमचंसुद्धा?" तुमचे आजोबा विचारायचे.

"माझं तर नक्कीच. मला मी चांगला ओळखतो."

वादळ झालं त्या वर्षी पाखाडीवर माड आणि फणस आडवे पडले होते. लोक पंचनाम्याची वाट पाहत बसले. वकील कोयता घेऊन उतरले. "सरकार येईल तेव्हा येईल. आधी वाट मोकळी करा." त्या वयात ते फांद्या तोडत होते, आणि ते बघून लाजेने एकेक जण बाहेर आला. दुपारी त्यांच्या घरी सगळ्यांना पेज मिळाली. पुढे सरकारची नुकसानभरपाई आली तेव्हा तुमच्या आजोबांनी चिडवलं, "घेणार का, वकील? तुमच्या तत्त्वात बसतं का?"

"घेणार. फुकटचं नको म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. आरशातही नाही."

आम्ही सगळे हसलो. त्यांची अशी वाक्यं आम्ही हसून सोडून द्यायचो. एवढं चांगलं वागणारा माणूस स्वतःबद्दल एवढं वाईट बोलतो, ही आम्हाला गंमत वाटायची.

मग नळयोजना आली. ग्रामपंचायत झरा ताब्यात घेणार, टाकी बांधणार, घरोघर नळ देणार. देवळात सभा झाली. तुमचे आजोबा नळाच्या बाजूने बोलले. त्यांनी पाईपचा व्याससुद्धा समजावून सांगितला, आणि तिथेच लोक जांभया द्यायला लागले. मग वकील उठले.

"आज नळ देतील," ते म्हणाले. "उद्या मोटर जळेल. परवा ती दुरुस्त करणारा सुट्टीवर असेल. तोपर्यंत पाट कसा साफ करायचा हे आपण विसरलेलो असू. आज आपण एकमेकांचे लागतो, कारण पाणी एकमेकांच्या हातून येतं. ते सरकारकडून यायला लागलं की शेजाऱ्याचं तोंड बघायची गरज उरणार नाही."

वाडीने नळ नाकारला. तसं लेखी दिलं. त्यानंतर गुरवाने देवीसमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. या वाडीत कोणी बोअर मारणार नाही, कोणी पाट मोडणार नाही, झऱ्याचं पाणी कोणी वाडीबाहेर जाऊ देणार नाही. प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी मिळून उत्तर द्यायचं असतं, "होय महाराजा." मी बायकांमध्ये मागे उभी होते. सगळ्यांत मोठा आवाज वकिलांचा होता.

घरी येताना ते तुमच्या आजोबांना म्हणाले, "आता एक करा. माझ्याकडून कागद करून घ्या. जमीन माझ्या नावावर आहे. पाण्यावर वाडीची वहिवाट आहे असं नोंदवून ठेवा."

तुमचे आजोबा वाटेत थांबले. "आत्ता देवीसमोर बोललात. त्यावर तुमच्याकडे कागद मागू?"

"मागा. मी माणूस आहे."

"अहो, शोभतं का ते? आम्हाला तुमचा शब्द पुरे."

"हीच चूक करता तुम्ही सरकारी लोक," वकील म्हणाले, आणि दोघंही हसत पुढे गेले. मी कंदिलासारखी बॅटरी धरून मागून चालत होते. कागद झाला नाही. तुमच्या आजोबांना कायद्याची केवढी आस होती, आणि नेमका जिथे कायदा हवा होता तिथे त्यांनी माणसावर भरवसा ठेवला.

आधी त्यांची बायको गेली. मग तुमचे आजोबा गेले. त्यानंतरही वकील संध्याकाळी यायचे आणि आजोबांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसायचे. आधी आपलं मत मांडायचे. मग म्हणायचे, "यावर ते काय म्हणाले असते सांगू?" आणि आजोबांची बाजू मांडायचे, ती आजोबांपेक्षाही नीट. एकदा तर त्या बाजूने बोलता बोलता स्वतःच हरले. "आज जिंकले ते," म्हणाले, आणि कप खाली ठेवला. त्या दिवशी मला वाटलं होतं, आता या जगात हा माणूस आणि मी, दोघंच तुमच्या आजोबांना पुरते ओळखणारे उरलो.

हे लिहिलं पाहिजे, म्हणून लिहिलं. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, माणूस पहिल्यापासूनच लबाड होता.

मागच्या दिवाळीनंतर आम्ही नेहमीसारखे पाट साफ करायला निघालो. घमेली, खोरी, कोयते. सुलू पुढे. झऱ्यापाशी पोचलो तर चारी बाजूंनी तारेचं कुंपण. नवं कोरं लोखंडी फाटक, त्याला जाड कुलूप. आत एक मुकादम खुर्ची टाकून बसलेला. माणूस सभ्य होता, उठून उभा राहिला.

"इथे बंगले होणार आहेत," तो म्हणाला. "समुद्र दिसणारे. पाणी त्यांनाच लागणार."

"आनि आमचा पाट?" सुलूने विचारलं.

"पाटाचं मला माहीत नाही, ताई. जमीन विकताना वकीलसाहेबांनी आमच्या साहेबांना स्वतः सांगितलंय, या पाण्यावर कोणाची वहिवाट नाही."

सुलूने हातातलं घमेलं खाली ठेवलं. फाटकाजवळ गेली आणि ते कुलूप धरून हलवून बघितलं. पक्कं होतं.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. ते ओटीवर होते. भोवती खोकी बांधून ठेवलेली. मला पाहून त्यांनी नजर चुकवली नाही. तेवढंही त्यांनी केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"कोणाची वहिवाट नाही असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो."

"खोटं आहे ते."

"खोटं आहे. पण तसं म्हटल्याशिवाय ते घेत नव्हते."

मी उभीच राहिले. त्यांनी खुर्ची पुढे केली, मी बसले नाही.

"पावसाळ्यात न्हाणीघरात पडलो होतो, वहिनी," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं नाही. सकाळी दूधवाली येईपर्यंत फरशीवर पडून होतो. उठता येईना. त्या वेळात मला देवी आठवली नाही, वाडी आठवली नाही, पाट आठवला नाही. मुलाच्या घरात आपली एक खोली हवी, एवढंच वाटत राहिलं. पुण्याला त्याचं घर लहान आहे. मोठं घेतलं तर मला नेणार होता. ही जमीन गेली म्हणून ते घेता आलं."

"आम्ही होतो ना इथे. एक हाक मारायचीत."

"लाज वाटली."

"विकायच्या आधी तरी विचारायचंत."

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात. आणि मी थांबलो असतो. म्हणून विचारलं नाही."

आणि वर ते हळूच म्हणाले, "मी सांगितलं होतं. कागद करून घ्या म्हणून."

"सांगितलं होतंत म्हणून ते माफ होत नाही."

"नाही होत," ते म्हणाले. "मी मागितलीही नाही."

मुलांनो, मला राग कशाचा आला ते सांगते. माणूस म्हातारपणी घाबरतो, हे मला कळतं. मीही या घरात एकटी असते. रोज न्हाणीघराचा उंबरा जपून ओलांडते. त्यांनी जमीन विकली असती आणि पाणी वाडीचं आहे असं सांगितलं असतं, किंमत थोडी कमी आली असती, खोली थोडी लहान मिळाली असती, तर मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले असते. पण त्यांनी वहिवाट नाही असं म्हटलं. ज्या एका शब्दावर आयुष्यभर बोलले, तोच शब्द विकला. आणि वर 'माणूस असाच असतो' हे त्यांचं जुनं मत त्यांनी त्या दिवशी पावसात छत्री उघडावी तसं उघडलं आणि त्याखाली एकटेच उभे राहिले. आम्ही सगळे बाहेर भिजत होतो.

ते पुण्याला गेले त्या सकाळी वाडीतून कोणी निरोप द्यायला गेलं नाही. गाडी वर रस्त्याला उभी होती. ते काठी टेकत एकटेच खाली आमच्या फाटकापर्यंत आले. मी ओटीवर तांदूळ निवडत होते. त्यांनी फाटक उघडलं. मी मान वर केली नाही. ते आत आले नाहीत. थोडा वेळ तसेच उभे राहिले असावेत. मग फाटक ओढल्याचा आवाज आला, कडी लागल्याचा आला, काठी पायऱ्या चढत गेल्याचा आला. मी सूप हलवायची थांबले. काठीचा आवाज परत खाली आला. कडी हलली. मग तो आवाज वर गेला तो गेलाच.

आता दावा चालू आहे. आमची वकीलबाई तरुण आहे, हुशार आहे. ती म्हणते, त्या माणसाने स्वतः कोर्टात येऊन खरं सांगितलं, की पाट जुना आहे आणि पाणी वाडीचं आहे, तर बराच फरक पडेल. म्हणून मी पुण्याला फोन केला. तुमच्या आजोबांचं नाव घ्यायचं नाही असं ठरवूनच केला होता.

"याल का?" मी विचारलं.

पलीकडे टीव्हीचा आवाज होता. कोणीतरी तो बारीक केला.

"आपणहून नाही येणार, वहिनी," ते म्हणाले. "मुलाला अडचणीत टाकून मी आपणहून येणार नाही, हे मला माहीत आहे. समन्स काढा. सरकार असतं ते यासाठीच. मला पिंजऱ्यात उभं करा, शपथ घ्यायला लावा, मग बहुतेक बोलेन."

"बहुतेक?"

"बहुतेक."

समन्स काढलं आहे. ते येतील की नाही, आले तर काय बोलतील, मला माहीत नाही. पूर्वी मी त्यांच्या बाजूने पैज लावली असती.

नळासाठी मी आणि सुलू सरकारी कचेरीत गेलो. तिथल्या बाई अदबीने बोलल्या. "आजी, तुमच्याच वाडीने नळ नको असं लिहून दिलं होतं." आता पुढच्या आराखड्यात आमचं नाव येईल. तोपर्यंत टँकर. शिमग्यापासून तो येतो आहे. पाखाडीवरून खाली उतरू शकत नाही, म्हणून वर रस्त्यालाच, वकिलांच्या बंद फाटकासमोर उभा राहतो.

पहिल्या दिवशी जे झालं ते सांगायला नको. वर्षानुवर्षं पाण्यावरून न भांडलेली माणसं कळशा घेऊन एकमेकांना ढकलत होती. खालच्या घरातल्या म्हाताऱ्या बाईचा हंडा पायऱ्यांवरून गडगडत गेला. ड्रायव्हर टायरवर बसून हसत होता. वकील तिथे असते तर म्हणाले असते, बघा, रायवळ माजला.

दुसऱ्या दिवशी सुलू सगळ्यांच्या आधी जाऊन उभी राहिली. पदर खोचला आणि मोठ्याने म्हणाली, "रांग नको कुनाची. पाटाची पाळी हाय ती हाय. मी घराचा नाव घेईन त्याने पुढे यायचा. आनि पाईप भरनाऱ्याच्या हातात नाय द्यायचा. ज्याची पाळी फुडची, त्याने धरायचा."

कुणी कुरकुर केली नाही. एकेका घराचं नाव घेतलं जात होतं, एकेक जण पुढे येत होता, पाईप धरलेला पुढचा माणूस डोळ्यांत तेल घालून बघत होता. ज्या माणसाने आम्हाला पाण्याला मुकवलं, त्याच्याच रीतीने आम्ही पाणी भरत होतो. कोणी तसं बोललं नाही. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच बायका त्यांना शिव्या घालत होत्या.

गुरवाचं घर झालं. नेहमी शेवटून दुसरं तेच. सुलूने सवयीने पुढचं नाव घेतलं, "वरचा घर."

पाईप गुरवाच्या सुनेच्याच हातात राहिला होता, धरायला पुढचं कोणी नव्हतं. ती वळून त्या बंद फाटकाकडे बघत राहिली. सगळेच बघत राहिले. टाकीत अजून थोडं पाणी होतं. पाईपच्या तोंडातून धार पडत होती, आणि रस्त्याच्या कडेने वाट काढत, कुंपणाच्या तारेखालून, कोरड्या पाटात उतरत होती. कोणाचीही कळशी पुढे आली नाही. माझीही नाही.

"अजून कोणी राहिलंय का?" ड्रायव्हरने विचारलं.

मग त्याने खांदे उडवले, तोटी बंद केली आणि गाडी सुरू केली.